शैलाताईंनी उसवलेलं नाव

बातमी आली तेव्हा मी कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणाला होते. शैलाताईंच्या भाचीचा फोन होता. "मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई लय चांगली. माझं नाव तेवढं विसरली..." शैलाताई माझ्या बाबांचं नाव विसरल्या नव्हत्या. हे ताईंना माहीत होतं आणि मला. त्या संध्याकाळी ते फक्त मला माहीत होतं.

माझं शाळेपर्यंतचं शिक्षण कळवणला झालं. कॉलेजसाठी मी नाशिकला बाबांकडे आले. ते सातपूरच्या एका कारखान्यात झाडलोट करत. आमच्या खोलीला लागूनच पत्र्याचं वर्कशॉप होतं, त्यामुळे दिवसभर ठणठण चाले. चौकात शैलाताई कामगारांचे फाटलेले युनिफॉर्म दुरुस्त करून देत. बाबा शर्टाला ठिगळ लावायला गेले आणि बोलता बोलता माझ्या अभ्यासाचं रडगाणं गाऊन आले. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला त्यांच्या मशीनशेजारचा कोपरा दाखवला. "इथे बस. मशीनचा आवाज होईल, पण तुझ्याशी कुणी बोलणार नाही." मी त्या कोपऱ्यात बसून बी.ए. झाले, एम.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या मशीनच्या आवाजात मिळाली आहे.

त्याच काळात ताई बाहेरून चित्रकलेची परीक्षा देत होत्या. पुढे काही वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, पण मन रमलं ते कापडातच. कामगारांचे टाकून द्यायचे शर्ट त्या मागून आणत, शिवणीवर उसवून सपाट पसरत आणि मागे अस्तर लावून त्यावर हाताने बारीक धावदोरा घालत. तेलाचे डाग, वेल्डिंगची भोकं, सगळं तसंच ठेवत. खाली लाल दोऱ्याने घालणाऱ्याचं नाव आणि काम. "शांताराम. वेल्डिंग." "युसूफ. पॅकिंग." सुरुवातीला लोक हसत. "एवढ्या गोधड्या वाळत घातल्यात कुणी?" असं एका गृहस्थांनी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "पांघरून बघा आणि मग सांगा." नंतर तीच कामं मुंबई-दिल्लीला गेली, परदेशात गेली. कुणी 'वस्त्रकलावंत' म्हटलं की त्या हसायच्या, "रफू करणारी म्हणा, काम तेच आहे." त्यांचा एक नियम होता. शर्टाची शिवण त्या उसवत, पण आपण घातलेला टाका कधीच नाही, तो चुकला तरी. "हात चुकला हे कापडाला कळू दे की!"

तो नियम त्यांनी एकदाच मोडला, माझ्यासाठी.

बाबा रिटायर झाले तेव्हा आपला शेवटचा शर्ट त्यांनी स्वतः ताईंकडे नेऊन दिला. मी तेव्हा नुकतीच प्राध्यापिका झाले होते. वडील कारखान्यात सुपरवायझर होते, असं मी स्टाफरूममध्ये सांगून बसले होते. ताईंचं नाशिकमधलं पहिलं मोठं प्रदर्शन ठरलं आणि आमचा सगळा स्टाफ यायचा होता. आदल्या दिवशी मी हॉलमध्ये गेले, तर भिंतीवर लाल अक्षरं... "दगडू. झाडलोट." मी म्हटलं, "ताई, हे नाव काढा ना." त्यांनी विचारलं, "मंगल, दगडूभाऊंना विचारलंस?" मी म्हटलं, "विचारलं. त्यांनीच सांगितलंय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग कात्रीच्या टोकाने एकेक टाका काढू लागल्या.

तिसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून प्रदर्शनाला आले. त्यांना वाचायला वेळ लागतो. प्रत्येक नावावर बोट फिरवत ते पुढे सरकत होते. कोपराच्या ठिगळावरून त्यांनी आपला शर्ट ओळखला आणि खाली पाहिलं. "ताई, माझं राह्यलं का हो?" मी चार पावलांवर उभी होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्याकडून राहिलं, दगडूभाऊ. चुकलंच माझं." बाबा म्हणाले, "असूद्या, होतं असं." त्यानंतरही ताई माझ्याशी पूर्वीसारख्याच वागल्या. लग्नात आल्या, माझ्या मुलाला कापडाचा हत्ती शिवून दिला. तो विषय त्यांनी कधी काढला नाही आणि मीही काढला नाही. आज बोलू, उद्या बोलू म्हणत वर्षं गेली...

गेल्या आठवड्यात भाची एक गुंडाळी घेऊन आली. तो शर्ट ताईंनी कुणालाच दिला नव्हता, स्वतःच्या खोलीत लावून ठेवला होता. मागे चिठ्ठी टाचलेली होती, 'दगडूभाऊंकडे द्यायचं'. मी तो पलंगावर पसरला. दोरा नव्हता, पण सुईची भोकं अजून दिसत होती. बाबा त्यांवर बोट फिरवायला लागले आणि मला राहवलं नाही. सगळं सांगितलं, सुपरवायझरसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताईला बोललीस का कधी?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी चहाबरोबर सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ माझ्यापुढे ठेवलं. मी ताईंच्याच भोकांतून दोरा नेत 'दगडू' पुरं केलं आणि गाठ मारायला लागले.

"थांबली का? खालचं बी घाल," बाबा म्हणाले.

तिथली भोकं जवळजवळ बुजली होती. 'झाडलोट'चं शेवटचं अक्षर वाकडं गेलं. ते मी उसवलेलं नाही.