उसन्या हातांची गाडी

आमचे भावोजी माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, दातांवरून ओळखतात. कुठल्याही समारंभात बाकीचे लोक एकमेकांचे कपडे बघतात, भावोजी कोण हसतंय ते बघतात. मग हळूच माझ्या कानाशी लागतात. "मेव्हणे, तो खांबाजवळचा टकलू बघा. हसू माझं आहे. वरचं पूर्ण, खालचं अर्धं." त्या बिचाऱ्याने तेवढ्यात काही कडक चावायला घेतलं, की इकडे भावोजींचा जीव वरखाली. एकदा तर ते एका अनोळखी बाईंना सांगून आले, "जपून हं, डावीकडून चावा." बाई नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्याचे दातही भावोजींचेच निघाले, म्हणून निभावलं.

भावोजींचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, भावोजी घराला लागूनच्या खोलीत दात घडवत. भिंतीवर फळ्या, फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, कोणीतरी भयंकर विनोद सांगितल्यासारखे आ वासून ओळीने बसलेले. मेणाचा वास, एक लहानशी निळी ज्योत, आणि तिच्यापुढे वाकून एकेक दात मेणात बसवणारे भावोजी. तेव्हा त्यांच्याकडे बघत राहावं. बोटं हलायची, पण हात हलायचा नाही.

माझं सगळं उलट. लहानपणापासून घरात माझं नाव 'सांडलवंड'. मी आलो की ताई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि भावोजींची बायको, आधी काचेचं सामान उचलते आणि मग "ये" म्हणते. त्या दातांच्या खोलीत तर मला उंबऱ्याच्या अलीकडेच उभं राहायची परवानगी होती. "तिथूनच बोला मेव्हणे," भावोजी म्हणत, "आतली मंडळी नाजूक आहेत."

तर अशा या माणसाच्या आयुष्यात एक गाडी आली. म्हणजे तिला तो आणायला गेला नव्हता. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा त्यांचे मापाचे ट्रे परत करायला भावोजी गेले. डॉक्टरांच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. काढून बघतात तर स्पोर्ट्स कार! दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकून बसलेली. कधीकाळी लाल. चालकाच्या जागी एक रोपटं चांगलं ऐसपैस बसलं होतं. "नेताय का?" डॉक्टर म्हणाले, "नाहीतर उद्या भंगारवाला येतोय."

संध्याकाळी भावोजी टेम्पोला दोर बांधून ती वरात घेऊन दारात हजर. ताई फाटकातच उभी.

"मी तुम्हाला ट्रे परत द्यायला पाठवलं होतं."

"दिले की."

"मग हे काय?"

"हे... सोबत आलं."

घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी गेली आणि भावोजींनी ताईला शब्द दिला की घरखर्चाला हात लावणार नाही. त्यांनी तो तंतोतंत पाळला. घरखर्चाला हात लावला नाही, घरालाच लावला. दिवाणखान्यातला सोफा आठवड्याभरात गाडीच्या सीटवर जाऊन बसला, आणि पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पुढच्या एका दिव्याची कडा गंजून गेली होती, तिथे पिठाच्या डब्याचं झाकण आलं. ताईने पीठ काढायला डबा उघडला तर तो आधीच उघडा. डॅशबोर्डची बटणं कुठेच मिळेनात, तेव्हा भावोजींनी ती कवळीच्या मसाल्यातून ओतली. तो मसाला त्यांच्याकडे एकाच रंगात होता, हिरड्यांच्या गुलाबी. त्यामुळे गाडीत बसलं की आपण कोणाच्या तरी तोंडात बसलोय असं वाटायचं. पुढची जाळी त्यांनी कवळीच्या पॉलिशने घासून इतकी चमकवली की शेड उघडली की गाडी आपल्याकडे बघून हसायची. भावोजी बॉनेट उघडून, कपाळावर दिवा बांधून, लहान आरसा आत घालून इंजिन तपासायचे. फक्त "आ करा" म्हणायचं बाकी असायचं.

हे सगळं वर्षानुवर्षं चाललं, कारण पैसे नव्हते आणि घाई नव्हती. त्यातली सगळ्यात अवघड वस्तू म्हणजे कार्बोरेटरची सुई. पितळेची, आगकाडीएवढी, टोकाकडे निमुळती. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ही ठरवते. बाजारात ती मिळणं बंद झालं होतं. भावोजींनी कवळ्या घासायच्या यंत्रावर स्वतः घडवली. कितीतरी बिघडवल्या, मग एक जमली. ती त्यांनी कापसात गुंडाळून डबीत ठेवली. "शेवटी बसवू," म्हणाले. "मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. एकदाच, पण माझ्या हाताने."

आणि मग एक कवळी परत आली.

एका आजोबांची होती. जेवताना गालच चावला जातो, अशी तक्रार. भावोजींनी ती उजेडात धरली आणि पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. त्यांची कवळी कधी परत येत नसे. पुढे आणखी एक आली. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हाताचा कंप. गोळीने थोडा आवरेल, जाणार नाही, वाढत जाईल. गाडी वगैरे चालवू नका, असंही डॉक्टरांनी सांगितलं.

हे मला डॉक्टरांकडे सोबत गेलो म्हणून कळलं. घरी येऊन भावोजी ताईला म्हणाले, "काही नाही, अशक्तपणा आहे." ताईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने फक्त त्यांना अर्धा कप चहा द्यायला सुरुवात केली. अर्धा अर्धा, दोनदा. बशी तर बंदच केली, म्हणजे वाजायला नको. भावोजी म्हणायचे, "काय गं, दूध महाग झालंय का?" ती म्हणायची, "हो ना, फारच." दोघांनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघंही दुधाचे भाव बोलत बसायची. मी मधे बसून भिंतीकडे बघायचो.

दातांची खोली बंद झाली. एके दिवशी ताईचा फोन आला.

"रविवारी ये. काही आणू नकोस, काही बोलू नकोस. फक्त हात घेऊन ये."

"माझे हात? ताई, शुद्धीवर आहेस ना?"

"ती सुई बसवायची राहिलीय. आणि बारीकसारीक बरंच. मेकॅनिकसमोर त्यांना लाज वाटते. माझ्यासमोर तर त्याहून जास्त, मला शेडमध्ये येऊच देत नाहीत. तुझ्यासमोर कोणालाच कसली लाज वाटत नाही."

अशा रीतीने खानदानातले सगळ्यात हुशार हात खिशात गेले आणि सगळ्यात नालायक हात कामाला लागले. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला, तशातली आमची जोडी. भावोजींच्या डोक्यात अख्खी गाडी होती, ती हातापर्यंत पोचत नव्हती. माझे हात धडधाकट, पण वर सगळा काळोख.

"हा स्क्रू डावीकडे फिरवा."

"फिरवला."

"मेव्हणे, हे डावीकडे?"

"गाडीचं डावं की माझं?"

"स्क्रूचं!"

"स्क्रूला कुठे डावं-उजवं असतं भावोजी, तो गोल आहे."

भावोजी डोळे मिटायचे, मोठा श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. कधी राहवलं नाही की चटकन स्वतःच हात पुढे करायचे. पान्याचं टोक नटाभोवती नाचायचं, नटावर काही बसायचं नाही. मग ते पाना माझ्या हातात द्यायचे आणि हात खिशात घालायचे. खिशात चिमणी धरून ठेवल्यासारखा तो खिसा हलत राहायचा. अशा वेळी मी एखादी वस्तू पाडायचो. म्हणजे मुद्दाम पाडायची गरज नसायची, ती पडायचीच. पण त्यांना माझ्यावर ओरडायला मिळायचं, आणि ते दोघांनाही बरं वाटायचं.

असे बरेच रविवार गेले. वायरी जुळल्या, नळ्या बसल्या, कॅनमधून टाकी मीच भरली आणि थोडं पेट्रोल माझ्या बुटांनाही पाजलं. शेवटी सुईची पाळी आली.

भावोजींनी डबी काढली. ती उघडायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही, एवढी अक्कल तोवर आली होती. "मेव्हणे," ते म्हणाले, "ही एकच आहे. दुसरी आता होणार नाही." मी चिमट्यात सुई धरली. श्वास रोखला. कार्बोरेटरवर वाकलो. पोट मधे आलं. पोट आत घेतलं. आणि सुई चिमट्यात नव्हती.

पडल्याचा आवाजही आला नाही. आवाज आला असता तर दिशा तरी कळली असती.

आम्ही इंजिनात बघितलं, खाली बघितलं, दिवा फिरवला. भावोजी गुडघ्यांवर बसले आणि फरशीवर हात फिरवू लागले. तो हात फरशीवर नुसता थापट्या मारत होता. खाली सुई असती तरी त्या बोटांना लागली नसती. थोड्या वेळाने ते तिथेच, चाकाला टेकून बसले.

"जाऊ दे," म्हणाले.

मला त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. पान्याने मारलं असतं तरी हरकत नव्हती. पण इतकं शांत "जाऊ दे" मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दाताच्या रंगातली एक छटा चुकली म्हणून अख्खी कवळी पुन्हा घडवणारा हा माणूस. मी इंजिनावर वाकलेला होतो तसाच, आत दिवा फिरवत राहिलो.

तेवढ्यात शेडच्या दारात ताई. हातात लोहचुंबक.

"मी बाहेरच उभी होते," ती म्हणाली. "घ्या, याने शोधा."

"अगं पितळ आहे ते," भावोजी खालूनच म्हणाले. "पितळ चुंबकाला भीक घालत नाही." आणि एकदम त्यांना जाणवलं की ताई आत आलीय आणि हात उघड्यावर आहेत. त्यांनी ते मांडीखाली सरकवले. ताई दुसरीकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडे.

"तू असाच वाकला होतास?"

"हो."

"मग हळू सरळ हो. हळू! आयुष्यात एकदा तरी हळू!"

मी सरळ झालो. पोटावर शर्टाची जी घडी पडली होती ती उलगडली, आणि सुई घरंगळून ताईच्या पसरलेल्या ओंजळीत पडली.

"बघा," ताई म्हणाली, "एवढं पोट वाढवलं ते वाया गेलं नाही."

भावोजी हसायला लागले. मग त्यांनी मांडीखालचा एक हात काढून डोळे पुसले, तो थरथरत होता आणि ते तसेच पुसत राहिले. ताईने सुई चिमट्यात धरली. "कुठे लावायची? सांगा." भावोजी उठून इंजिनाजवळ आले. "इथे ये," म्हणाले. "याला बाजूला कर आधी." मग तिने सुई धरली, मी स्क्रू आवळला, आणि भावोजींनी आम्हा दोघांना मिळून इतकी बोलणी दिली की गेल्या कित्येक महिन्यांची भरपाई झाली.

गाडी आम्ही ढकलत बाहेर आणली. भावोजी आत उतरले. त्या गाडीत बसत नाहीत, उतरतात. किल्ली फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकली, मागून एक काळा ढग सोडला आणि गप्प झाली. "स्क्रू पाव वेढा सैल," भावोजी म्हणाले. मी सैल केला, बहुतेक योग्य दिशेने. आणि मग ती सुरू झाली.

काय सांगू! बॉनेट थरथरतंय, आरसा थरथरतोय, डब्याचं झाकण खडखडतंय, गुलाबी बटणं कडकड वाजतायत, जणू गाडीला हुडहुडी भरून दातावर दात आपटतोय. मी दारावर हात ठेवला तर माझा हात खांद्यापर्यंत लटपटायला लागला. शेजारचे दोघेतिघे फाटकाशी आले. समोर गल्ली सरळ, मोकळी, टोकापर्यंत.

भावोजींनी हात गिअरवर नेला. एकदा ढकलला, निसटला. पुन्हा धरला. गिअर आधीच घट्ट, त्याला एक ठाम धक्का लागतो. हात मुठीवरून घसरून सीटवर पडला. फाटकातलं कोणीतरी ओरडलं, "काका, येऊ द्या!"

"मी चालवू का?" ताईने विचारलं. घरातली साधी गाडी तीच चालवते.

"नको," भावोजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आज नको. पेट्रोल कमी आहे."

टाकी काठोकाठ भरली होती. ताई आत गेली आणि चहा घेऊन आली. तीन कप, खाली तीन बशा. त्यातला एक, पूर्ण भरलेला, तिने भावोजींच्या हातात दिला आणि स्वतः शेजारच्या सीटवर उतरली. दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. तिने दोनदा आपटलं.

इंजिन चालूच होतं. ताईचा चहा बशीत सांडला, बशीतून साडीवर. माझा तर सांडणारच होता. भावोजींच्या हातातली कपबशी खडखड वाजत होती, चहा बोटांवरून सोफ्याच्या कातड्यावर ओघळत होता, आणि ते गल्लीच्या टोकाकडे बघत होते.

"फार हलते हो," ताई म्हणाली.

"जुनी आहे," भावोजी म्हणाले. "हलणारच."

कोणी गाडी बंद केली नाही. मी फाटक धरून तसाच उभा राहिलो, गाडी निघालीच तर असावं म्हणून, सताड उघडं.