गल्लीभरचं दही

एम.ए.च्या प्रवेशपरीक्षेत मी झोपले होते, हे घोडेगावात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. पेपर अवघड गेला, एवढंच मी सांगितलं होतं, आणि पेपर अवघड जाणं ही आमच्याकडे प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

मला इतिहास शिकायला दिल्लीला जायचं होतं. परीक्षा नगरला होती. आदल्या संध्याकाळी पतसंस्थेच्या चेअरमनांनी मारुतीच्या देवळासमोर माझा शुभेच्छा समारंभ ठेवला. ज्याने अजून काहीच केलेलं नाही त्याच्या सत्काराची एक सोय असते, भाषणात त्याच्याविषयी काही बोलावं लागत नाही. शाल, नारळ आणि फेटा झाल्यावर चेअरमन बराच वेळ दिल्लीवर बोलले. तिथे ते एकदा अधिवेशनाला गेले होते.

सकाळी निघाले तर दारोदारी बायका वाट्या घेऊन उभ्या. परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवायची असते, आणि एका घरचं घेतलं की दुसऱ्या घरचं नाकारता येत नाही. त्यात आमचं गाव म्हशींच्या बाजाराचं. इथलं दही वाटी उलटी केली तरी हलत नाही. शेजारच्या चाचीपासून कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांचा मान मी राखला. एसटीत अंग जडावलं. परीक्षा केंद्रातल्या एसीच्या गारव्यात पडद्यावरची अक्षरं एकेक करत संथ पाण्यात उतरली आणि डुंबत राहिली. मीही त्यांच्यामागून गेले. पर्यवेक्षक बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा उरलेल्या वेळात पडद्यावरचं नाव बरोबर आहे का, एवढंच तपासता आलं असतं.

पंचायत समितीत नोकरी करणारे माझे बाबा भांडणारे नव्हते. आणखी एक वर्ष घे, म्हणाले; नाहीच जमलं तर चेअरमनांच्या कॉलेजात बी.एड. कर. ती जागा माझ्यासाठी आधीच धरून ठेवली होती. मी माझी एकच अट घातली. या वेळी कोणाला सांगायचं नाही.

ते वर्ष मी बहुतेक बाजारतळावर काढलं. बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी नुसते खुंट, कोरडे हौद आणि लिंबाची सावली. शेजारचे चाचा म्हशींचे व्यापारी. त्यांच्या धंद्यात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. मला रोज हौदाच्या कडेवर पुस्तक घेऊन बसलेली बघूनही त्यांनी कधी काही विचारलं नाही. दुपारी हायवेवरून कांद्याचे ट्रक जात, वास मागे रेंगाळत राही. मी मौर्यांचे अधिकारी आणि मोगलांचे मनसबदार पाठ करत बसायची, आणि डोळे जड झाले की ते सगळे आपापले हुद्दे सांभाळत त्या रिकाम्या खुंटांपाशी येऊन उभे राहायचे. कोणी कोणाला मुजरा करायचा यावरून त्यांच्यात कुजबुज चाले. मी मध्ये पडत नसे. पुस्तकातून जे शिकले त्यातलं थोडंच आठवतं, पण तो उजेड अजून आठवतो, पातळ, ताकासारखा.

मार्चमध्ये लिंबाला मोहर आला आणि परीक्षा उद्यावर आली. त्या संध्याकाळी आई चाचींकडून हसू दाबतच परतली. बाबांनी गुपित चोख राखलं होतं म्हणे. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी वेगळं गाठून, फक्त तुम्हालाच म्हणून, सांगितलं होतं. गेल्या खेपेला मी झोपले होते, हेसुद्धा. आता चेअरमन सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं.

माझा चेहरा बघून आईने चाचींचा निरोप सांगितला.

"पोरीला म्हनावं, बिनघोर जा. सकाळी आमी समदे झोपलेलो असू."

पहाटे निघाले तेव्हा आमची गल्ली कधी नव्हे ती बंद होती. एरवी त्या वेळी धारा काढून झालेल्या असतात, कॅन खडखडत असतात. त्या दिवशी गोठ्यांतून म्हशी नुसत्या रेकत होत्या आणि त्यांच्याकडे कोणी जात नव्हतं. एका दारामागे बांगड्या किणकिणल्या आणि लगेच थांबल्या. गिरणीवाल्या काकूंच्या खिडकीचा पडदा वारा नसताना हलला. मी चपला न वाजवता चालत होते. एवढी माणसं जागी राहून माझ्यासाठी झोपली होती, त्यांना उठवायला नको. स्टँडवर पोचले तेव्हा मला भूक लागली होती.

परीक्षेत एक उतारा जुन्या बंदराबद्दल होता. गाळ साचून समुद्र लांब गेला, तरी माणसं तिथेच जहाजांची वाट बघत राहिली. त्या ओल्या वाळूवरून जरा चालून यावं असं फार वाटलं. पापण्या जड झाल्या नाहीत असं नाही. पण पोटात भूक होती, आणि तिने मला शेवटच्या प्रश्नापर्यंत बसवून ठेवलं.

निकाल लागला तेव्हा मी बाजारतळावरच होते. मोबाईलवर आधी गुण दिसले, मग बऱ्याच दिवसांनी, तिथेच बसलेली असताना, प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत दिल्लीची जागा मिळाल्याचं दिसलं. मी घरी जाऊन सांगितलं. आई देवापुढे गेली. बाबा जरा वेळ चष्मा पुसत राहिले, मग चेअरमनांना कळवायचं का, असं त्यांनी अगदी सहज विचारलं.

"उद्या कळवू," मी म्हणाले. "आजचा दिवस राहू द्या."

ते लगेच कबूल झाले. सदरा बदलला, इस्त्रीचा घातला, आणि कोणाला काहीही सांगायचं नाही असं ठरवून ते गल्लीतून इतक्या सावकाश, इतक्या ताठ मानेने चालत गेले की ज्याने त्यांना बघितलं त्याला काही विचारायची गरज पडली नाही.