आठरंगीची शीळ

मू-त्सायला चुलीवरच्या किटलीची शिटी ऐकू येईनाशी झाली, तेव्हापासून त्याचे कान म्हणजे त्याची बायको, बी-युन. एप्रिल सरत आला की दोघं पहाटे बांबूच्या बनातल्या घळीवर जाऊन बसत. समुद्र ओलांडून आठरंगी पक्षी विणीला इथंच यायचा. पहिली शीळ ऐकली की मू-त्साय बनातल्या भूमिदेवापुढे उदबत्ती लावायचा आणि मगच गावाला सांगायचा. समोरच्या टेकडीवर खडीची खाण सुरू झाली आणि उदबत्त्या खिशातच राहू लागल्या.

"यंदा नाही आला तर संपलं. पुन्हा मी इथं पाऊल टाकायचा नाही," तो म्हणाला होता.

"बरं होईल. बांबूचे कोंब खणायला एक माणूस तरी मिळेल मला," ती म्हणाली होती. पण रोज त्याच्याआधी उठत होती तीच. बनात यायचं सोडलं, तर हा माणूस घरात बसून करणार काय, हे तिला कळत नव्हतं.

आज धुकं उतरत असतानाच घळीतून शीळ आली. बी-युनने त्याचा दंड धरला.

"आला?"

"आला! थांब, ऐकू दे."

मू-त्साय ऐकत नव्हता, तिचं तोंड बघत होता. शीळ पुन्हा आली. आणि तिच्या पाठोपाठ एका बाईची हाक, लांबून, खणखणीत: "मू-त्साय! जेवायला येतोस, की पाखरांच्याच घरी राहतोस?"

बी-युनने त्याचा दंड सोडला. तो आवाज तिचाच होता, तरणाताठा. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मू-त्सायने ही शीळ टेपवर घेतली होती, आधी एक, मग थांबून लागोपाठ दोन, आणि तिची हाकही तीत आली होती. "माझं ओरडणं काप त्यातलं, लोक हसतील," असं तिने तेव्हाच सांगितलं होतं. "जंगलात जे ऐकू आलं ते तसंच ठेवायचं असतं," तो म्हणाला होता. पुढे भाच्याने ती टेप इंटरनेटवर घातली आणि जगभरच्या पक्षीवाल्यांनी ती उतरवून घेतली.

ती दरड धरत खाली उतरली. कॅमेरा मांडून एक तरुण बसला होता, दगडावरच्या फोनवर तीच टेप वाजत होती.

"आजी, हळू! शीळ लावली की नर भांडायला येतो."

"आला का?"

"चार दिवस लावतोय. कुणी उत्तरच देत नाही."

ती वर आली तेव्हा मू-त्सायच्या हातात उदबत्त्या होत्या.

"दिसला?"

"धुक्यात कसला दिसतोय? पण आहे."

"आधी एक शीळ, मग थांबून लागोपाठ दोन?"

"हो, हो. तशीच."

"आणि मग?"

"मग काय?"

"मग तू मला जेवायला बोलावलंस का?"

त्याने तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली, उदबत्त्या पुड्यात सरळ करून ठेवल्या आणि पुडा तिच्या पिशवीत टाकला. भूमिदेवाकडे न बघताच तो पायवाटेला लागला.

घळीतून पुन्हा शीळ आली. मागोमाग ती हाक. मू-त्साय पुढे चालत राहिला. त्याला कुठं काय ऐकू येत होतं!