ब्रेडबद्दलची चार वाक्यं

लातूरच्या एका क्लासमध्ये मी अठरा वर्षं रसायनशास्त्र शिकवतो आहे. आमच्याकडे पोरं वर्षभर एकच काम करतात, येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवतात. प्रश्न काढणं हे पेपर काढणाऱ्याचं काम, आपण त्यात पडायचं नाही, असं मीच फळ्यासमोर उभा राहून सांगत आलो. या पद्धतीनं खेड्यापाड्यातली पोरं डॉक्टर झाली. तिच्यात काही खोट असेल असं माझ्या मनातही कधी आलं नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी जर्मन शिकायची वेळ आली तेव्हा मी तीच पद्धत स्वतःला लावली.

वेळ आली बायकोमुळे. ती नर्स. नांदेडच्या दवाखान्यात बारा वर्षं काढून तीन वर्षांपूर्वी ती जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात लागली. भाषा ती इथंच शिकली, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून, भाकरी थापता थापता. "भाकरीला तरी कळतंय का तुझं?" असं मी चिडवायचो. ती गेली, वर्षभरानं आमची मुलगीही तिच्याकडे गेली. नवऱ्यालाही जाता येतं, फक्त त्यानं भाषेची पहिली परीक्षा पास व्हायला हवी. म्हणजे मी आणि माझी माणसं यांच्यामध्ये उरली होती ती एक परीक्षा. हे कळल्यावर मी चक्क निर्धास्त झालो. परीक्षा तर माझा धंदाच होता.

शिकवणी लावायची मला लाज वाटली. शिकवणारा माणूस शिकवणी लावतो हे लातुरात चारचौघांना कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. एक जुनं पुस्तक मिळवलं, दोनशे पानी वही आणली आणि लाल पेनानं महत्त्वाच्या जागी खुणा केल्या. माझं नाव, माझं गाव, माझं कुटुंब, माझं जेवण, प्रत्येकावर चार वाक्यं. प्रत्येक वाक्य दहा वेळा लिहायचं आणि मग न बघता म्हणायचं. मला छंद एकही नाही, म्हणून पुस्तकातला पोहण्याचा घेतला. गोदावरीच्या काठी वाढूनही मला पोहता येत नाही, पण उत्तर सोपं होतं.

दर शनिवारी लातूरहून नांदेडला घरी जाताना एसटीत उजळणी चालायची. एकदा अहमदपूरच्या पुढं शेजारच्या म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "सर, कुनाला बोलून राहिलात?"

"कुणाला नाही, पाठांतर चाललंय."

"ह्या वयात? लई मोठा पेपर हाय काय?"

"हाव," मी म्हणालो. त्यानं बिचाऱ्यानं खिडकीकडची जागा मला दिली.

रविवारी दुपारी बायकोचा व्हिडिओ कॉल यायचा. ती एकेक विचारायची. जेवलात का? आईचे गुडघे कसे हायत? नळाला पाणी कधी येतं? औंदा क्लासला पोरं किती आली? मी सगळं तपशीलवार सांगायचो. तिच्या एकाही प्रश्नाचं अर्धवट उत्तर मी कधी दिलं नाही, याचा मला अभिमान होता.

परीक्षा पुण्यात झाली. लेखी बरी गेली. तोंडी परीक्षेला आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसलो होतो, बाकीचे तिघंही माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. स्वतःची ओळख मी घडाघडा सांगितली, पोहण्यासकट. मग परीक्षक बाईंनी चिठ्ठ्या मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द होता. तो धरून शेजारच्याला एक प्रश्न विचारायचा. मला 'ब्रेड' आला. मी लगेच सुरू झालो, मी सकाळी ब्रेड खातो, ब्रेड ताजा आहे, ब्रेड मला आवडतो. बाई हसून म्हणाल्या, प्रश्न विचारा. मी मान डोलावली आणि चौथं वाक्य म्हटलं, माझी बायको ब्रेड विकत आणते. शेजारची मुलगी माझ्याकडे वळून बसली होती. काहीतरी विचारलं जाईल म्हणून ती वाट बघत होती. माझ्या दोनशे पानांत एकही प्रश्न नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, तो पाषाण त्या खुर्चीत बसला होता.

मी नापास झालो. थोडक्यात गेलं, पण गेलं.

त्या रविवारी मी बायकोला सगळं सांगितलं, हसत हसतच. ब्रेडचं ऐकून ती आधी खूप हसली. मग हसू थांबलं.

"प्रश्नच विचारता आला न्हाई तुम्हाला?"

"सवय नाही गं."

"ते मला माहीत हाय," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली. इथं मी कशी हाय, हे तुम्ही एकदा तरी इचारलं का?"

मी म्हणणार होतो, दर रविवारी तर बोलतो आपण. पण आधीचे कॉल आठवून पाहिले. ती विचारायची, मी सांगायचो, आणि कॉल संपायचा.

पुढच्या आठवड्यात मी नवी वही काढली. पहिल्या पानावर प्रश्न लिहिले, मराठीतच. वीस झाले. बायकोला काय विचारायचं हे लिहून काढावं लागतंय, याची शरम वाटत होती, तरी लिहिले. रविवारी कॉल लागल्यावर पहिला विचारला, "तिथली पहिली थंडी कशी काढलीस?"

ती म्हणाली, "निमोनिया झाला होता. नऊ दिवस आमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट होते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते. कॉल केला होता की. तुम्ही इन्व्हर्टरचं सांगत होता."

मला तो कॉल आठवला. पांढरी उशी आठवली. आज पडूनच बोलते, असं ती म्हणाली होती. आणि मी जुनी बॅटरी कितीला गेली, नवी कुठून आणली, हे अर्धा तास सांगितलं होतं. मुलगीही तेव्हा इथं नांदेडला माझ्या आईजवळ होती. तिकडं बायको एकटीच होती.

माझ्या मांडीवर वही उघडी होती. पुढचे एकोणीस प्रश्न मला विचारवेनात, त्यांच्या उत्तरांची भीती वाटायला लागली. मी वही मिटली आणि नेहमीसारखा तिच्या प्रश्नांची वाट बघत बसलो. पुन्हा परीक्षेला बसणार का, फॉर्म भरला का, एवढं तरी ती विचारेल असं वाटलं. माझं उत्तर तयार होतं.

तिनं काही विचारलं नाही.