मामा, डबा आणि काटा

माझी भाची मृणाल हातात येईल ते आधी जोखून बघते. कोबीचा गड्डा, माझी ऑफिसची बॅग, शेजाऱ्यांचं बाळ. सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती राहायला आली तेव्हा तिच्याकडे वैमानिकाचं लायसन्स होतं आणि नोकरी नव्हती. डोंगरातल्या गावांना तांदूळ, औषधं, माणसं पोचवणाऱ्या छोट्या विमान कंपन्यांना ती आमच्या डायनिंग टेबलावरून मेल पाठवायची. उत्तर येत नसे. पुण्याहून ताईचा फोन आला की तो माझ्या हातात देऊन ती भांडी घासायला उठायची.

शेवटी म्हणाली, "मामा, ही नोकरी मेलवर मिळत नाही. त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं."

आणि खरंच पापुआ न्यू गिनीला जाऊन उभी राहिली. एका कंपनीने तिला विमानं ठेवायच्या हँगरवर सामान चढवायला घेतलं. विमान कधी देणार, ते चीफ पायलट सांगेना. माणूस जमिनीवर कसा वागतो ते तो आधी बघतो म्हणे.

इथे सिंगापुरात मंडळाच्या गणपतीत मी मात्र भाची एअरलाइनमध्ये लागल्याचं सांगत फिरलो. "बाबा, शी इज लोडिंग राइस, लाह," माझी लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सगळ्यांसमोर म्हणाली. मी मोदकात तोंड घातलं.

दिवाळीला फराळ घेऊन मी तिच्याकडे गेलो. मनातून बेत असा, की चीफ पायलटच्या कानावर भाचीसाठी दोन शब्द घालायचे. त्या उकाड्यात कोट घातला होता. पांढऱ्या दाढीचा तो ऑस्ट्रेलियन चपला घालून चहा पीत होता. माझं भाषण त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, एक सीट रिकामी आहे, वरच्या गावाला चक्कर मारून या.

तिथे विमानात बसण्याआधी प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करतात. काट्याशी मृणालच होती. रांगेत भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, एकीच्या कडेवर डुकराचं पिल्लू, शेवटी मी. माझं वजन हा घरात न काढायचा विषय. चांगी विमानतळावर हातातल्या बॅगेचं आम्ही सगळेच करतो तेच मी केलं. जड डबा बाजूच्या बाकावर ठेवला, वजन दिलं, डबा उचलला आणि सीटवर जाऊन बसलो.

मृणाल विमानाच्या दारात आली. डबा हातात घेऊन जोखला.

"मामा, उतर."

"अगं, बेसनाचे लाडू आहेत. तुझ्यासाठीच."

"विमानाला मामा-भाची कळत नाही. उतर."

तिने मला डब्यासकट पुन्हा काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्याने वाचला. तो इथे लिहीत नाही. पिल्लूसुद्धा वळून बघत होतं असं मला वाटलं. विमानाच्या वजनाच्या मर्यादेत मी डब्यासकट बसत नव्हतो, आणि काटा चुकवणाऱ्याला दुसरी संधी नव्हती. माझ्या जागी औषधांची खोकी गेली. चीफ पायलट चहाचा कप हातात धरून सगळं बघत होता. पोरीची नोकरी आपण घालवली, या विचाराने मी हँगरमध्ये तांदळाच्या पोत्यावर बसून राहिलो. कोट काढायचंही सुचलं नाही.

विमान परत आल्यावर चीफ पायलट तिच्याकडे गेला. उद्यापासून कॉकपिटमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बस, एवढंच म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मृणाल येऊन माझ्या पोत्यावर टेकली. डोळे लाल होते.

"तुला उतरवणं फार जड गेलं रे," ती म्हणाली.

तिने डबा उघडला, एक लाडू तोंडात घातला आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी हात पुढे केला, मागे घेतला.

"घे रे मामा," ती म्हणाली. "आता कोणी मोजत नाहीये."