सुधारित तक्ता क्रमांक आठ

सदर इसम वय वर्षे एक्केचाळीस, बांधा मध्यम, चष्मा दूरचा. ओळखीची खूण: कानामागे खोचलेला हिरवा स्केचपेन. धंदा: शिवणयंत्रांच्या सुट्या भागांची ऑनलाइन विक्री. हुद्दा: संस्थापक, व्यवस्थापकीय संचालक, विपणन प्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी. कर्मचारी संख्या: एक. मुख्य कार्यालय: राहत्या घराची मागची खोली. कामाची वेळ: तक्ता पाहावा.

घरात त्याला ‘संचालक’ म्हणत. हे नाव बायकोने ठेवलं होतं आणि ते आदराने ठेवलं नव्हतं. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून घरी आल्यावर नवऱ्याच्या अडचणी तिला फारशा दुखऱ्या वाटत नसत.

संचालकाने चौदा वर्षं पाणीमीटरच्या कचेरीत तक्रारी नोंदवल्या. तिथे घड्याळ दुसऱ्याचं होतं, हे त्याचं मुख्य दुःख. म्हणून राजीनामा दिला आणि घड्याळ स्वतःच्या मालकीचं केलं. पहिले चार महिने ते साडेनऊला वाजत होतं. गिऱ्हाइकांना उत्तरं दात घासताना दिली जात, आणि आजचं पार्सल उद्या, उद्याचं परवा निघे. कुणा शिंप्याला सोमवारी हवं असलेलं शटल पुढच्या गुरुवारी मिळालं. त्याने अभिप्रायात जे लिहिलं ते साइटने अर्धं झाकून छापलं.

मग साइटची नोटीस आली. येत्या तीस दिवसांत शंभरातली किमान पंचाण्णव पार्सलं ज्या त्या दिवशी रवाना झाली नाहीत, तर दुकान बंद. आणि दुकान बंद म्हणजे पुन्हा कचेरी. तिथल्या साहेबांनी तर आपण होऊन निरोप धाडला होता: खुर्ची अजून रिकामी आहे, गादी नवी घातली आहे.

दुसरा एखादा असता तर त्याने कात्री आणि चिकटपट्टी हाती घेतली असती. संचालक मुळाशी गेला. त्याने अकरा भागांचा एक वर्ग लावला. शिकवणाऱ्या गृहस्थांनी स्वतःचा धंदा कधीच विकला होता आणि आता तो कसा चालवावा हे शिकवत होते. संचालकाने अकराही भाग पाहिले, काही दोनदा. निदान झालं. पार्सलं उशिरा जातात, कारण दिनचर्याच नाही.

चार मोठे कागद जोडून तक्ता झाला आणि हॉलच्या भिंतीवर चढला. पहाटे पाचला उठणे, निळा. पाच-दहाला कृतज्ञता, गुलाबी. पावणेसहाला ध्येय डोळ्यांपुढे आणणे, पिवळा; या वेळी डोळे हटकून मिटत आणि साडेसातला उघडत. नऊ ते साडेबारा गहन काम, हिरवा. साडेबारा ते एक शंका आणि किरकोळ. दोनला स्वविकास, जांभळा. तीन ते पाच पुन्हा गहन काम. गहन कामाच्या वेळी दार बंद, फोन बंद, आणि कितीही तातडीचं असलं तरी घरच्यांनी दार वाजवायचं नाही.

बंद दाराआड काय चाले हे सांगणं अवघड नाही. तक्त्यात सुधारणा चाले.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांनी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या होत्या. गेल्या वर्षापासून त्या लेकीकडे राहत होत्या. घरातला प्रिंटरही हॉलमध्ये, त्यांच्या खुर्चीशेजारीच होता, कारण त्याच्या खरखरीने मागच्या खोलीतलं गहन काम उथळ होई. ऑर्डर आली की प्रिंटर आपोआप चिठ्ठी ओकायचा. ही व्यवस्था संचालकाने पहिल्याच आठवड्यात बसवली होती. चिठ्ठी बाहेर पडल्यावर पुढे काय, हे सांगणारा भाग बहुधा बारावा असावा.

तक्ता लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला सासूबाई शंका घेऊन हजर झाल्या.

“जावईबापू, यात पार्सल बांधायचं कधी?”

“ते कामात येतं, आई.”

“कुठल्या?”

“गहन कामात.”

“पण तेव्हा तर तुम्ही आत असता आणि माल बाहेर.”

संचालकाने कानामागचा पेन काढून हातात घेतला. “आई, आधी पाया. पार्सल काय, कुणीही बांधेल.”

“ते खरं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तो कुरिअरवाला साडेतीनला येतो. तेव्हाही तुम्ही गहन.”

“त्याला वेळ बदलायला सांगू.”

“तो सत्तर घरं फिरतो. तो तुम्हाला तक्ता दाखवेल.”

तेवढ्यात एक वाजला आणि शंकांचा पट्टा संपला.

त्या दुपारपासून सासूबाई चिठ्ठ्या वाचू लागल्या. बॉबिन, शटल, सुया, पट्टे यांची त्यांना ओळख नव्याने करून घ्यायची नव्हती. डोळे मिटून नुसत्या बोटांनी त्यांनी वीस प्रकारची बॉबिन वेगळी केली असती. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी माल आपल्या पद्धतीने लावला. चहा झाला की बसायचं, पाठ दुखली की उठायचं, साडेतीनला दारात सही करायची. याला दिनचर्या म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आकडा चढू लागला. ऐंशी, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव. संचालक साडेबाराला बाहेर येई तेव्हा दोन-तीनच चिठ्ठ्या उरलेल्या असत. त्या तो शिस्तीत बांधी. शिस्त आली की काम कमी होतं, असं सातव्या भागात सांगितलंच होतं. बायकोने एकदा विचारलं, “इतकी पार्सलं जातात कशी रे?” तेव्हा त्याने तिला भिंतीपाशी नेऊन हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवलं. तिने आईकडे पाहिलं. आई चष्मा पुसत होत्या.

तिसाव्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या थोरल्या लेकीचा पाय मुरगळला. धाकटी दवाखान्यात कामावर गेली होती. जावयाचं दार बंद होतं. नियम म्हणजे नियम. सासूबाईंनी दार वाजवलं नाही. “चार दिवस थोरलीकडे जाते हो,” असं त्या दारालाच सांगून गेल्या. दाराने ते आत कळवलं नाही.

साडेबाराला संचालक बाहेर आला. प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठ्यांची शेपटी जमिनीवर लोळत होती. त्याने मोजल्या: एकोणीस. फोन चालू करून आकडा पाहिला. पंचाण्णव, बरोबर काठावर. एकोणीस इथेच राहिल्या तर आकडा बुडणार आणि दुकानही. कचेरीतली नवी गादी त्याला अगदी स्पष्ट दिसली. ध्येय इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

त्याने सासूबाईंना फोन लावला.

“आई, इथे एकोणीस चिठ्ठ्या आहेत.”

“असतील. सोमवार ना.”

“पण रोज दोन-तीनच असतात.”

“रोज मी दोन-तीन ठेवते.”

“का?”

“तुम्हालाही काहीतरी असावं म्हणून.”

पलीकडून थोरलीचं कण्हणं ऐकू आलं. मग सासूबाईच म्हणाल्या, “लिहून घेता का? नको, लिहीत बसू नका. उठा. सुईच्या वरचे भाग वरच्या फळीवर, सुईच्या खालचे खालच्या.”

“आणि पट्टे?”

“पट्टा यंत्राच्या बाहेर असतो. खिडकीत बघा.”

चौदा वर्षांत कुणी त्याला इतक्या सरळ सूचना दिल्या नव्हत्या. फोन स्पीकरवर ठेवून तो फळी, टेबल, फळी असा धावू लागला. पहिलं पार्सल बांधायला वीस मिनिटं लागली, सातवं आठात झालं. दुपारचं जेवण राहिलं. स्वविकासही राहिला. अकराव्या पार्सलाला खोक्यात भरायचा रद्दी कागद संपला.

“आई, कागद कुठेय?”

“संपला असेल. उद्या आणणार होते.”

“सुया सुट्या पाठवल्या तर मोडतील.”

“मग भिंतीवर आहे की एवढा मोठा.”

संचालकाने भिंतीकडे पाहिलं. सुधारित तक्ता क्रमांक आठ कालच संध्याकाळी पुरा झाला होता. त्यात पहिल्यांदाच पाणी पिण्याच्या वेळा होत्या. घड्याळात तीनला दहा कमी होती. त्याने खालचा कोपरा धरला आणि आधी गहन काम फाडलं, कारण तेच सर्वात रुंद होतं.

साडेतीनला घंटी वाजली. कुरिअरवाल्याने एकोणीस पार्सलं मोजून पिशवीत टाकली.

“आजी कुठेत?”

“बाहेरगावी. मी संचालक.”

“असं होय,” तो म्हणाला आणि सहीसाठी यंत्र पुढे केलं. “इथे करा. आजी येतील ना परत?”

दुकान वाचलं. चार दिवसांनी सासूबाई परतल्या. भिंत मोकळी पाहून म्हणाल्या, “तिथे फळी बसेल.” बसवली. त्याच आठवड्यात एका शिंपीणबाईंचा अभिप्राय आला. सुया अखंड पोचल्या. शिवाय पाकिटाभोवती गुलाबी कागदावर ‘कृतज्ञता’ लिहिलेलं होतं, इतकं हल्ली कोण करतं? पाच तारे.

महिनाअखेरीस साइटने ‘वक्तशीर विक्रेता’ म्हणून त्याची निवड केली आणि माहितीचा फॉर्म पाठवला. संचालकाने तो मागच्या खोलीत बसून, दार लावून भरला. हुद्दा: संस्थापक व व्यवस्थापकीय संचालक. कर्मचारी संख्या: एक. यशाचं रहस्य, दीडशे शब्दांत: काटेकोर दिनचर्या. खाली त्याने तक्ता क्रमांक नऊचा फोटो जोडला. त्यात दोन ते साडेतीन ‘पार्सल’ असा नवा पट्टा होता. रंग संपल्याने तो पेन्सिलीने आखला होता.

त्या दिवशी बावीस पार्सलं गेली. साडेतीनला सही सासूबाईंनी केली.