धाकटी माणसं घेऊन गेली

आमची धाकटी भाजी आणायला गेली की भाजीबरोबर एखादी बाईही घरी घेऊन यायची. गंजगोलाईच्या बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता ओळख झालेली असायची. ती बाई आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेली असायची, आणि मी कॉलेजातून दमून घरी आले की मलाच विचारायची, "तुम्ही कोण?" धाकटी ओट्यापाशी उभी राहून सांगायची, "आमच्या थोरल्या जाऊबाई हायत. कॉम्प्युटर शिकवतात." म्हणजे माझ्याच घरात ओळख माझी करून द्यावी लागायची.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. पुढे गल्लीही म्हणू लागली, आणि इंटरनेटवर खातं काढायची वेळ आली तेव्हा तिने तिथेही तेच नाव टाकलं. माहेर हिमायतनगरचं, शिक्षण बी.ए., आवाज खणखणीत. मी तिच्यापेक्षा जास्त शिकलेली, नोकरी करणारी, चार माणसांत बोलू शकणारी. तरी ती लग्न होऊन घरात आली त्या वर्षापासून मला तिचा हेवा वाटत आला आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांना जाऊ आहे त्यांना हे सांगावं लागत नाही, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळत नाही.

तिच्या माहेराकडे येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, नसते. आमच्याकडे त्या अमावास्येला अख्खं लातूर शेतात जातं. कडब्याची झोपडीवजा कोप करायची, पूजा करायची, भज्जी, उंडे आणि आंबील मांडायची आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. पहिल्या येळवशीला धाकटी अशी बांधाबांधाने गेली ती बराच वेळ दिसेचना. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, काळजीत पडल्या. नवी सून, पाटाच्या पाण्यात पाय घसरला की काय! तेवढ्यात ती आली, आणि तिच्यामागे शेजारच्या शेतांतल्या बायकांची रांग. "अक्का, हितं तर लई झ्याक हाय! शेत ज्याचं त्याचं, आंबील समद्यांची!" आत्याबाई हसल्या आणि म्हणाल्या, "पोरगी गुणाची निघाली." माझ्याबद्दल त्यांनी असं कधी म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असेल तर माझ्या माघारी.

आता माझ्या ओसरीबद्दल सांगते, कारण खरी जळफळ तिथली. एका मोठ्या कंपनीच्या साईटवर माझं पान होतं. लिहून लिहून वाचक जमवले होते. एका सकाळी खातं बंद झालं. कारण कळवलं नाही, विचारायला कुणी माणूस नाही. लिहिलेलं गेलंच, पण वाचणारी माणसंही गेली. त्यांना शोधायचं कुठे हे फक्त कंपनीला ठाऊक. त्या संतापात मी स्वतःचा छोटा सर्व्हर उभा केला. असे पुष्कळ सर्व्हर जगभर आहेत. प्रत्येकाचं घर वेगळं, घरमालक वेगळा, पण या घरातलं माणूस त्या घरातल्या माणसाशी बोलू शकतं. माझ्या घराचं नाव मी ओसरी ठेवलं, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'इथे कुणाला अडवलं जात नाही. ओसरी आवडली नाही तर आपली माणसं बरोबर घेऊन केव्हाही दुसऱ्या घरी जा.' या वाक्याचा मला फार अभिमान होता. कॉलेजातल्या मुलांना मी ते वाचून दाखवायची.

पण जायची सोय करून उपयोग काय, यायलाच कुणी तयार नव्हतं. मी लांबलचक लेख लिहिले. आपला मजकूर, आपली मालकी, आपलं स्वातंत्र्य. वाचून लोक म्हणायचे, छान आहे, आणि पुन्हा मोठ्या कंपनीच्या दारात जाऊन बसायचे. तेव्हा लातुरात पाण्याचे दिवस वाईट होते. टँकरच्या रांगेत घागरी घेऊन बायका उभ्या असायच्या. एकदा माझ्यापुढे धाकटी उभी होती आणि कुणीतरी तिला विचारलं, तुझ्या जाऊबाईंचं ते काय आहे म्हणे? ती म्हणाली, "येळवशीवानी हाय बगा. शेत ज्याचं त्याचं, आंबील समद्यांची. आन् एका बांधावर करमलं न्हाई तर दुसऱ्या बांधावर जायचं, आपल्या मैतरणी घेऊन." तेवढ्यावर त्या आठवड्यात अर्धी गल्ली ओसरीत आली. माझे लेख अजून तिथेच आहेत.

ती स्वतः लिहायची ते तर दोन-दोन ओळींचं. 'आज नळाला पाणी आलं. समद्या गल्लीचा आवाज वाढला.' किंवा, 'शेजारीण तीन दिसांपासून बोलत न्हवती. आज तिची घागर उचलू लागले तर म्हणाली, हळू, पाणी सांडंल.' बस्, एवढंच. आणि त्याखाली उत्तरांचा ढीग. निलंग्याची कुणी, लोह्याची कुणी, कुणाची लेक पुण्यात, कुणाची परदेशात. नायगावच्या एका बाई तर लिहायच्या की दिवसभरात माझ्याशी बोलणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. मी शुद्ध मराठीत, परिच्छेद पाडून, संदर्भ देऊन लिहायची. त्याला पसंती यायची ती तिघा-चौघांची, आणि त्यातली पहिली नेहमी धाकटीची. तिने तरी द्यायला नको होती असं मला वाटायचं.

एकदा उदगीरला एका लग्नात एक अनोळखी बाई धावत आल्या. मला वाटलं, ओसरी चालवणाऱ्या बाई म्हणून आल्या असतील. मी पदर सावरून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तुम्ही धाकटीबाईंच्या जाऊ ना? त्या न्हाई आल्या?" मी म्हटलं, नाही आल्या. त्यांचा चेहरा पडला आणि त्या जिलेबीकडे वळल्या. घर माझं, दिवाबत्ती माझी, झाडलोट माझी, आणि मी कोण, तर धाकटीची जाऊ!

घरी येऊन मी तिला टोमणा मारला, "तुला फॉलो करणारे किती झालेत, बघितलंस का?" ती धपाटे थापत होती. म्हणाली, "माणसं काय शेळ्या हायत व्हय अक्का, सांजच्याला मोजून घ्यायला?" मी मात्र रोज मोजत होते. तिची आणि माझी.

मग दिरांची बदली नांदेडला झाली. इतकी वर्षं एका छताखाली राहिलो, कुणी वेगळी चूल मांडायचं नाव काढलं नव्हतं; आता ती आपोआप मांडली जाणार होती. मला वाईट वाटलं, आणि त्याखाली थोडं बरंही वाटलं. आता भाजीबरोबर बाई घरी येणार नाही. पण धाकटीने दुसरीही एक बातमी दिली. नांदेडच्या काही बायका स्वतःचा सर्व्हर सुरू करत होत्या, नाव 'घाट', आणि तो सांभाळायला त्यांनी धाकटीला बोलावलं होतं. "तुमच्याजवळ बसून शिकले, अक्का. आता आपला मांडून बगते." सर्व्हर कसा चालवायचा हे तिला मीच शिकवलं होतं, हौसेने, सुटीच्या दुपारी.

म्हणजे ती ओसरीतूनही निघणार होती, आणि माझ्याच नियमाप्रमाणे आपली माणसं घेऊन निघणार होती. ओसरीत इतके जण येऊन गेले, पण ते ठळक अक्षरांतलं वाक्य कुणी खरं मानून वापरलं नव्हतं. वापरलं ते माझ्या जावेने.

निघायच्या दिवशी दुपारी मी तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ती पाटावरून उठली नाही. पदरातली ओटी सावरत तिने मोबाईल काढला. "घरातून पाय उचलायच्या आदी तिकडून बी निघून घेते. तुमच्यापुढं." खरं तर मला विचारायची काही गरज नव्हती. नव्या घरी जुन्या खात्याची ओळख सांगून ठेवायची, जुन्या घरी आपला पासवर्ड टाकायचा, की झालं. ते तिने रात्री, गुपचूप, नांदेडला जाऊनही केलं असतं तर मी काही म्हणू शकले नसते. पण थोरलीला न विचारता घराबाहेर पडायचं नाही, हे तिच्या हाडात होतं.

मी म्हटलं, "धाकटे, तुला ठाऊक आहे ना? ओसरीची ॲडमिन मी आहे. मी आत्ता तुझं खातं गोठवलं तर इथून काही हलणार नाही. तुझं एक माणूस तुझ्याबरोबर यायचं नाही."

हे मी का बोलले, सांगता येत नाही. म्हणजे येतं. तिने एकदा तरी घाबरावं, असं मला वाटत होतं.

ती घाबरली नाही. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "म्हाईत हाय की. तुमीच शिकवलं. तुमचा जीव जळत व्हता, ते मला दिसत न्हवतं व्हय? तरी येक डाव बी तुमी माझ्या खात्याला हात लावला न्हाई. म्हणून तर येवढी वर्सं हितं राहिले."

मी कुंकवाचा करंडा बंद केला. पुन्हा उघडला. तिने पासवर्ड टाकला.

मी माझ्या लॅपटॉपवर बघत बसले होते. ओसरीत तिला फॉलो करणाऱ्यांचा आकडा उतरू लागला आणि घाटावर चढू लागला. निलंगा, लोहा, पुणे, परदेश, नायगावच्या त्या बाई. कुणाला काही करावं लागत नव्हतं. ती जिथे जाईल तिथे त्यांची वाट आपोआप वळत होती. मग घाटावरच्या त्या यादीत मला माझंच नाव दिसलं. मीही तिला फॉलो करत होते ना! मीही तिच्यामागे घाटावर जाऊन पोचले होते, कुणी मला विचारलंसुद्धा नाही. मी हसावं की रडावं, मला कळेना. धाकटी मात्र खो खो हसली. "अक्का, तुमी तर माझ्या आदी नांदेडला!"

हसणं थांबल्यावर तिने विचारलं, "आन् माझं लिवलेलं?"

ते जात नाही. माणसं जातात, लिहिलेलं जुन्या घरीच राहतं. व्यवस्थाच तशी आहे. प्रत उतरवून घेता येते, पण ती पेटीत घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारखी. नव्या घरात ते कुणाला दिसत नाही, त्याखालची बायकांची उत्तरं येत नाहीत. मी हे सांगितलं तेव्हा धाकटी मोबाईलवर आपलं जुनं पान वर-खाली करत राहिली. टँकरच्या रांगा, शेजारणीची घागर, आत्याबाईंच्या शेवटच्या आजारपणात तिने लिहिलेल्या ओळी, सगळं ओसरीत होतं. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"मग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ती उठत म्हणाली. "सांभाळा. निस्तं कुलूप नका लावू." आणि वाकून पाया पडली. "येते, अक्का."

आता घाट जोरात चालला आहे. ओसरीतल्याही काही जणी हळूहळू आपली खाती हलवून तिकडे राहायला गेल्या, मी कुणाला अडवलं नाही. इथे मी आहे, दोन निवृत्त मास्तर आहेत आणि एक कवी आहेत, जे फक्त स्वतःच्या कवितेला पसंती देतात. धाकटीच्या जुन्या पानावर वरती पाटी आहे, की ही व्यक्ती आता घाटावर राहते. माझ्या दारावर तिचा पत्ता. नवे लोक येतात, ती पाटी वाचतात आणि तिकडे जातात. अजूनही माझ्या पोटात दुखतं.

परवा तिचा फोन आला. मागे चार बायकांचा गलबला होता. "अक्का, येकट्या काय करून राहिल्या तितं? ओसरी बंद करा आन् या घाटावर. तुमची माणसं घेऊन या."

"माझी माणसं कोण गं?" मी म्हटलं.

"का? मी हाय की."

बघते, म्हटलं, आणि फोन ठेवला. मी जाणार नाही. ओसरी बंद केली तर टँकरची ती रांग जाईल, शेजारीण जाईल, आत्याबाई जातील. हे एक कारण झालं, आणि ते कुणालाही सांगता येईल असं आहे. दुसरं मी तिला कधी सांगणार नाही. अधूनमधून दुपारच्या वेळी ओसरीच्या खिडकीत दिसतं, की घाटावरच्या कुणीतरी 'धाकटी'ची एक जुनी ओळ उचलून पुन्हा सगळ्यांना दाखवली आहे. उचलणारी तीच असते. जगात कुठेही माणसं जमवणारी ती, स्वतःचं जुनं बोलणं ऐकायला तिला माझ्याच ओसरीवर यावं लागतं. मी दिवा लावून ठेवल्यासारखा सर्व्हर चालू ठेवते. तेवढी धाकटी माझी आहे. ती मी कुणाला नेऊ देणार नाही, तिलासुद्धा.